सोवळं, संत आणि रविवारची प्रार्थना : ख्रिस्ती धर्मात ‘पवित्र’ म्हणजे नेमकं कोण?

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणारी लोकल. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. रविवारी सकाळी या गाडीला रोजच्यासारखी धक्काबुक्की नसते. डब्यात काहीजण इस्त्रीचे कपडे घालून, हातात चेन लावलेलं काळं किंवा तपकिरी पुस्तक घेऊन बसलेले दिसतात. पुस्तक बायबल असतं आणि मंडळी चर्चला निघालेली असतात.

या पट्ट्यातली ख्रिस्ती वस्ती एकसारखी नाही. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर वसलं. आजही इथले पत्ते ‘कॅम्प नंबर’ने सांगतात. अंबरनाथला आयुध निर्माणी आली, एमआयडीसी आली आणि देशभरातून कामगार आले. बदलापूरला मुंबईत घर न परवडणारे आले. त्यामुळे इथे मराठी प्रोटेस्टंट आहेत, गोवेकर आणि मंगळूरकडचे कॅथलिक आहेत, मल्याळी सिरो-मलबार आहेत, तमिळ आहेत, आणि एखाद्या गाळ्यात हिंदीतून प्रार्थना करणारी छोटी मंडळीही आहे.

या सगळ्यांमध्ये एक शब्द कॉमन आहे : पवित्र. पवित्र आत्मा, पवित्र शास्त्र, पवित्र मिस्सा. शाळेच्या बोर्डावर तोच शब्द इंग्रजीतून ‘होली’ म्हणून येतो आणि आपण त्याचा अर्थ न विचारता ॲडमिशनच्या रांगेत उभे राहतो.

पण ‘पवित्र’ माणूस म्हणजे कोण? जो दारू पीत नाही तो? जो चर्च चुकवत नाही तो? की ज्याच्या नावाआधी ‘सेंट’ लागतं तो? हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. महाराष्ट्रात ‘पवित्र’ या शब्दाला ‘सोवळं’ हा शब्द चिकटलेला आहे, आणि सोवळं म्हटलं की कुणीतरी ओवळं ठरतंच. म्हणूनच इथल्या ख्रिस्ती धर्माची एक मोठी परीक्षा याच शब्दावर झाली.

आधी शब्द समजून घेऊ

बायबलचा जुना करार हिब्रू भाषेत आहे. तिथे पवित्र या अर्थी ‘कादोश’ हा शब्द येतो. त्याचा साधा अर्थ आहे ‘वेगळा काढलेला’. देवासाठी राखून ठेवलेलं भांडं, राखून ठेवलेला दिवस, राखून ठेवलेली माणसं. नवा करार ग्रीकमध्ये आहे, तिथला शब्द ‘हागिओस’. अर्थ साधारण तोच.

म्हणजे मूळ कल्पनेत ‘निर्दोष’पेक्षा ‘कुणाचा तरी’ हा भाग मोठा आहे. घरातलं एक ताट देवाच्या नैवेद्यासाठी वेगळं ठेवलं तर ते ताट चांदीचं असायलाच हवं असं नाही. ते कशासाठी ठेवलंय यावरून त्याचं स्थान ठरतं. ख्रिस्ती विचारात माणसाचं तसंच आहे. तो आधी देवाचा होतो, आणि मग त्याने तसं वागणं अपेक्षित असतं. क्रम महत्त्वाचा आहे. चांगलं वागून देवाची मर्जी मिळवायची, असा हा हिशोब नाही.

पण ‘वेगळा काढलेला’ यात एक धोका आहे. वेगळा म्हणजे इतरांपेक्षा वरचा, असं समजायला फार वेळ लागत नाही.

पवित्र व्हा, म्हणजे मजुरी वेळेवर द्या

जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. बहुतेक वाचकांना ते कंटाळवाणं वाटतं, कारण त्यात यज्ञ, अन्न आणि शुद्धतेचे नियम आहेत. पण त्याच्या 19 व्या अध्यायात देव लोकांना पवित्र होण्याची आज्ञा देतो आणि लगेच एक यादी सुरू होते.

ही यादी वाचून आश्चर्य वाटतं. आईवडिलांचा मान राखा. शेताची कापणी करताना कडेचं पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना गरीब-श्रीमंत बघू नका. वजन-माप खरं ठेवा. म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभे राहा. परदेशातून येऊन तुमच्यात राहणाऱ्याला आपल्यातलाच समजा.

यात देवळातले विधीही आहेत, पण मोठा भाग बाजार, शेत, कोर्ट आणि घर यांचा आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर जीन्सच्या कारखान्यात पीसवर काम करणाऱ्याचे पैसे थकवणं, कंत्राटी कामगाराचा ओव्हरटाइम खाणं, तराजूखाली काहीतरी चिकटवणं, हे सगळं या अध्यायानुसार ‘अपवित्र’ आहे. रविवारी कितीही मोठ्याने गाणी म्हटली तरी.

येशूने नेमकं काय बदललं?

येशूच्या काळात ज्यू समाजात शुद्ध-अशुद्धतेचे नियम काटेकोर होते. कुष्ठरोगी अशुद्ध, रक्तस्राव होणारी स्त्री अशुद्ध, प्रेत अशुद्ध. स्पर्श झाला की शुद्ध माणूसही अशुद्ध होतो, अशी समजूत.

शुभवर्तमानांतल्या गोष्टी बघितल्या तर येशू याच सगळ्यांना स्पर्श करताना दिसतो. तो कुष्ठरोग्याला हात लावतो. 12 वर्षं रक्तस्राव होत असलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते, आणि तो तिला ‘मुलगी’ म्हणतो. इथे दिशा उलटी होते. अशुद्धता त्याच्याकडे येत नाही, बरेपण तिच्याकडे जातं.

मार्काच्या 7 व्या अध्यायात हात न धुता जेवण्यावरून वाद होतो. तेव्हा येशू सांगतो की बाहेरून पोटात जाणारं माणसाला विटाळत नाही. आतून, मनातून निघणारं विटाळतं : लोभ, कपट, निंदा, गर्व.

योहानाच्या 4 थ्या अध्यायात तो एका विहिरीपाशी थांबतो आणि शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. ज्यू लोक शोमरोनी लोकांशी असा व्यवहार ठेवत नसत, म्हणून तीच चकित होते. महाराष्ट्रात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पाणी कुणी कुणाच्या हातचं प्यावं यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं मोजली गेली, आणि 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

आता हा विचार मराठी घरात आला तेव्हा काय झालं, ते पाहू.

कवी नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंसाठी हा आभाळ कोसळण्यासारखा प्रसंग होता. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात त्यांची स्वतःची चूल आणि पाणी वेगळं होतं.

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ स्वतःची थट्टा करत सांगितलाय. त्यांच्या मनातला बदल एखाद्या प्रवचनाने झाला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि माणसाने, असं उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून टाकलं. त्यानंतर 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे विधी नंतर झाला, चूल आधी एक झाली.

टिळकांची वाटही पुढे रूढ चर्चच्या चौकटीबाहेर गेली. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्ताला मानणाऱ्यांनी भारतीय परंपरेतल्या भक्तांसारखं एकत्र राहावं, ही त्यामागची कल्पना. पवित्र माणसांची यादी चर्चच्या रजिस्टरने संपत नाही, असंच जणू ते सांगत होते.

हे सगळं गुळगुळीत झालं असं मात्र नाही. धर्म बदलला तरी जात भारतातल्या चर्चमध्ये अनेक ठिकाणी मागोमाग आली. लग्नं जुळवताना ती अजूनही विचारली जाते. एकाच पात्रातून प्रभुभोजन घेणारे दोघं घरी एका ताटात जेवतात का, हा प्रश्न जुना झालेला नाही.

मग ‘संत’ कोण?

मराठी माणसाला संत म्हटलं की ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई आठवतात. ते संत आहेत हे कुठल्या कार्यालयाने जाहीर केलं नाही. लोकांनी ठरवलं. कॅथलिक चर्चमध्ये मात्र याची रीतसर चौकशी होते.

साधारण प्रक्रिया अशी :

- माणूस मेल्यानंतर निदान 5 वर्षं थांबायचं. पोप ही अट शिथिल करू शकतात.
- स्थानिक बिशप चौकशी सुरू करतात. लेखन, पत्रं, साक्षी तपासल्या जातात. या टप्प्यावर त्या व्यक्तीला ‘देवाचा सेवक’ म्हणतात.
- कागदपत्रं रोमला जातात. आयुष्यभर सद्गुण असामान्य पातळीवर जपले, असं पोपनी मान्य केलं की ‘पूज्य’ म्हटलं जातं.
- तिच्या मध्यस्थीने एक चमत्कार घडल्याचं मान्य झालं की ‘धन्य’. श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांना या टप्प्यावर चमत्काराची गरज नसते.
- सहसा आणखी एक चमत्कार मान्य झाल्यावर ‘संत’.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चर्च कुणाला संत ‘बनवत’ नाही. ही व्यक्ती देवाजवळ पोहोचली आहे, असं चर्च जाहीर करतं. ज्यांचं नाव जाहीर झालं नाही असे संत त्याहून कितीतरी जास्त आहेत, असंही कॅथलिक शिकवण मानते. 1 नोव्हेंबरचा ‘सर्व संतांचा दिवस’ त्यांच्यासाठीही असतो.

महाराष्ट्राशी थेट जोडलेलं नाव आहे वसईचे गोन्सालो गार्सिया. जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईत. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, जपानी भाषा शिकले, नंतर व्यापारी झाले. पुढे मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात सामील झाले, तेही धर्मगुरू म्हणून नाही, साधे ब्रदर म्हणून. जपानमध्ये दुभाष्याचं काम करत असताना ख्रिस्ती लोकांवर संकट आलं आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रुसावर मारण्यात आलं. त्यात ते होते.

1627 मध्ये त्यांना धन्य आणि 1862 मध्ये संत घोषित केलं गेलं. म्हणजे मृत्यूनंतर 265 वर्षांनी. मदर तेरेसांच्या बाबतीत हेच अंतर 19 वर्षांचं होतं : मृत्यू 1997, संतपद 2016.

अलीकडे सोशल मीडियावर गाजलेलं नाव म्हणजे कार्लो आकुतिस. 1991 मध्ये जन्मलेला, कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम आवडणारा, चमत्कारांची माहिती देणारी वेबसाइट करणारा इटालियन मुलगा. 2006 मध्ये वयाच्या 15 व्या वर्षी ल्युकेमियाने गेला. 7 सप्टेंबर 2025 रोजी तो संत घोषित झाला.

प्रोटेस्टंट म्हणतात, सगळेच

प्रोटेस्टंट परंपरेत अशी यादी नाही. पौलाने वेगवेगळ्या शहरांतल्या मंडळ्यांना पत्रं लिहिली, त्यात तो सगळ्यांनाच ‘पवित्र जन’ म्हणतो. त्याच पत्रांत पुढे तो त्यांना भांडणं, कोर्टबाजी आणि व्यभिचारावरून झापतोही. म्हणजे ती माणसं परिपूर्ण नव्हती, तरी ‘पवित्र जन’ होती.

या विचारात दोन पायऱ्या आहेत. देव माणसाला आपलंसं करतो, ही पहिली. त्यानंतर आयुष्यभर हळूहळू बदलत जाणं, ही दुसरी. तिला मराठी ख्रिस्ती भाषेत ‘पवित्रीकरण’ म्हणतात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी या दुसऱ्या पायरीवर भर दिला. त्यातून मेथडिस्ट पंथ आणि पुढे ‘होलिनेस’ चळवळ उभी राहिली.

तिचे धागे महाराष्ट्रात पोहोचले. सप्टेंबर 1882 मध्ये मुंबईत उतरलेली साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपली ‘मुक्तिफौज’, याच प्रवाहातली. तिचे नेते फ्रेडरिक टकर यांनी भारतीय कपडे घातले, अनवाणी फिरले. अहिल्यानगरचं बूथ हॉस्पिटल मुक्तिफौजेचंच. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल चालवणारं नाझरीन चर्चही होलिनेस चळवळीतूनच आलेलं. पवित्रतेचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे दवाखाने काढले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण सगळ्यात ठळक. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, 1898 मध्ये इंग्लंडच्या केसविक इथल्या पवित्र जीवनावरच्या प्रसिद्ध अधिवेशनाला हजेरी. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं धार्मिक जागरण झालं. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत, पापांची कबुली देत होत्या. याच मुक्तीत दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होतं, अंध मुलींचं शिक्षण होतं, शेती होती आणि बायकांनी चालवलेला छापखानाही होता. तिथेच रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर छापलं गेलं. अश्रू आणि छापखाना दोन्ही एकाच आवारात.

‘हे करू नका’ची यादी

लोकलपट्ट्यातल्या अनेक छोट्या मंडळ्यांमध्ये पवित्रतेचा अर्थ रोजच्या नियमांतून शिकवला जातो. दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही, काही ठिकाणी सिनेमा आणि दागिनेही नाहीत. बाहेरून हे कडक वाटतं. पण ज्या घरात पगाराच्या दिवशी नवरा कुठे अडकला असेल या काळजीने बाई दारात उभी असते, तिथे ‘दारू नाही’ हा नियम म्हणजे मुलांची फी आणि न फुटलेलं डोकं असतं. त्या बाईला हा शब्द धर्मशास्त्रातून समजवावा लागत नाही.

अडचण तेव्हा येते जेव्हा यादी हाच धर्म होतो. मग कानातल्या झुमक्यावर बोललं जातं आणि थकवलेल्या पगारावर बोललं जात नाही. येशूने आपल्या काळातल्या धर्मपुढाऱ्यांना नेमकं याच गोष्टीवरून सुनावलं होतं : पुदिन्याचाही दशमांश मोजता आणि न्याय, दया विसरता.

मल्याळी सिरो-मलबार कॅथलिकांसाठी 1988 मध्ये कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांच्या उपासनेत प्रभुभोजनाआधी धर्मगुरू सांगतात की पवित्र वस्तू पवित्र लोकांसाठी आहेत. त्यावर लोक ‘होय, आम्ही आहोत’ असं म्हणत नाहीत. पवित्र फक्त देव आहे, अशा अर्थाचं उत्तर देतात.

पवित्र माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत?

या विषयाची एक काळी बाजूही आहे. फ्रान्समध्ये ‘लार्श’ ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसोबत राहणारी संस्था सुरू करणारे ज्याँ व्हानिए यांना हयातीतच अनेकजण संत मानत. 2019 मध्ये ते गेले. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांच्याच संस्थेने चौकशीचा अहवाल जाहीर केला : आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी किमान 6 स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. पुढच्या चौकशीत ही संख्या बरीच वाढली.

यातली एक गोष्ट महत्त्वाची. पवित्र समजलं गेल्यामुळेच त्यांच्याविरुद्ध बोलणं कठीण झालं होतं. आणि बाहेरच्या कुणी उघड करण्याआधी संस्थेने स्वतः चौकशी करून ती छापली. कुठल्याही धर्मातल्या बाबा, फादर, पास्टर किंवा महाराजांना हेच लागू होतं. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या पवित्रतेची खात्री करण्याचा मार्गच उरत नाही.

शेवटी, रविवारनंतरचा सोमवार

कॅथलिक चर्चने 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट केलं की पवित्र जीवन हे फक्त फादर-सिस्टर लोकांचं काम नाही, प्रत्येक विश्वासणाऱ्याला त्याचं बोलावणं आहे. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर लिहिताना शेजारच्या घरातल्या संतांचा उल्लेख केला : मुलं वाढवणारे आईवडील, घर चालवण्यासाठी राबणारी माणसं, आजारी लोक.

म्हणजे कॅथलिक यादी आणि प्रोटेस्टंट ‘सगळेच’, या दोन वाटा शेवटी बऱ्याच जवळ येतात. दोघांच्याही मते पवित्र असणं हे सुटीच्या दिवसाचं काम नाही.

त्याची परीक्षा सोमवारी सकाळी होते. 7 वाजून काही मिनिटांची गाडी बदलापूरला लागते, आतले बसलेले असतात, अंबरनाथचे चढू बघतात, उल्हासनगरचे दारात लोंबकळतात. कालचं काळं पुस्तक घरी असतं. डब्यात जागा कुणाला मिळते, कामावर पोहोचल्यावर हाताखालच्या माणसाशी कोणत्या आवाजात बोललं जातं, आणि संध्याकाळी रोजंदारीवाल्याचे पैसे त्याच दिवशी हातात पडतात का, एवढ्याच गोष्टी पाहायच्या असतात. लेवीयच्या 19 व्या अध्यायात हेच लिहिलेलं आहे.